हात बघणाऱ्या मॅडम

आमच्या मॅडम माणसाचं तोंड नंतर बघत, आधी हात बघत. सकाळची पाळी सुरू व्हायच्या वेळी त्या कारखान्याच्या गेटाशी उभ्या असत आणि आत येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवत. नव्या माणसाला वाटायचं, बाई फार प्रेमळ दिसते. प्रेमाचा तिथं काही संबंध नव्हता. बोटात अंगठी आहे का, मनगटाला दोरा आहे का, कडं आहे का, हे त्या चाचपून बघत. सापडलं की हात सोडायच्या नाहीत. "काढ," एवढंच म्हणायच्या. उतरवलेल्या वस्तू एका स्टीलच्या डब्यात जात आणि सुटीच्या वेळी ज्याच्या त्याला परत मिळत. नुकतंच लग्न झालेल्या एका ऑपरेटरने अंगठी काढायला नकार दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "बायकोनं घातली ना? मग बोटही तिचंच आहे. तिचं तिला नीट नेऊन दे."

कारखाना नगरच्या एमआयडीसीत. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग आम्ही बनवतो. मोठाले पॉवर प्रेस ओळीने उभे आहेत. वरचा साचा खाली येतो, पत्रा कापतो किंवा वाकवतो आणि वर जातो. पत्रा आत ठेवायचा आणि बाहेर काढायचा तो माणसाने, हाताने. म्हणजे दिवसभर माणसाचा हात त्या जबड्यात जातो आणि बाहेर येतो. मॅडम मेंटेनन्सच्या प्रमुख आणि मी त्यांच्या खात्यात इलेक्ट्रिकलचं बघणारा. मी बेलापूरचा, म्हणून त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "ए बेलापूर," असंच म्हणत.

हे सगळं शांतपणे लिहायचं मी ठरवलं होतं. लिहून बघितलं आणि फाडून टाकलं. शांतपणे लिहिलं की ते खोटं वाटतं.

मॅडम केडगावच्या. उंच, काटक, पन्नाशी ओलांडलेल्या. स्कूटरवरून यायच्या आणि त्या स्कूटरला हॉर्न नव्हता. पुणे रोडवरच्या ट्रकवाल्यांना त्या तोंडानेच बाजूला करत. हातात बांगडी नाही, बोटात काही नाही. त्यावरून नवे लोक भलतेच अंदाज बांधत. नवरा चांगला ठणठणीत होता, शाळेत मराठी शिकवायचा आणि बायकोचा आवाज चढला की उठून खिडक्या लावून घ्यायचा. लग्नकार्यातही त्यांची खोड जात नसे. आमच्यातल्या एकाच्या लग्नात अक्षता पडल्यावर त्या स्टेजवर गेल्या, नवरदेवाचा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि नवरीला म्हणाल्या, "दहाच्या दहा आहेत. मोजून घे."

नवीन ऑपरेटर आला की मॅडम बाजारातून गाजरं आणायच्या. त्याला प्रेससमोर उभं करायचं, लांब चिमट्यात गाजर धरायला लावायचं आणि ते साच्याखाली न्यायला सांगायचं. साचा खाली आला की गाजराचा तुकडा व्हायचा नाही, चोथा व्हायचा. मग त्या तो चोथा त्याच्या तळहातावर ठेवत. "हे कडक असतं. तुझं बोट मऊ आहे." आणि पिशवीतलं दुसरं गाजर त्याला तिथंच खायला लावत. पुष्कळांना हा प्रकार किळसवाणा वाटायचा. एकाने तर घरी जाऊन बायकोला बजावलं होतं की पुन्हा या घरात गाजर आणायचं नाही.

बाईंना हे वेड कशामुळे लागलं याच्या लोकांनी कथा रचल्या होत्या. कोणी म्हणे वडिलांचा हात गेला होता, कोणी म्हणे भावाचा. मी एकदा चहाच्या वेळी सरळ विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"दुसऱ्याचा हात तुटू नये असं वाटायला आधी घरातला एखादा तुटावा लागतो का रे?"

त्यांनी तो चहा परत उचललाच नाही.

त्या नेहमी बरोबर असत, असं मुळीच नाही. एकदा त्यांना एका प्रेसमध्ये आवाज ऐकू आला. आम्हा कोणाला ऐकू आला नाही. त्यांनी सगळी लाइन थांबवली, प्रेस उघडून घेतला, आम्ही अर्धा दिवस त्याच्या पोटात डोकं घालून बसलो आणि काही सापडलं नाही. राहिलेलं काम भरून काढायला लोकांना सुटीच्या दिवशी यावं लागलं. काहींची गावची जत्रा हुकली. कँटीनमध्ये माणसं त्यांना ऐकू जातील अशा शिव्या देत होती. दुसरं कोणी असतं तर चार शब्द गोड बोललं असतं. मॅडम म्हणाल्या, "आवाज होता. मी ऐकला." झालं. माफी मागणं हे त्यांना येतच नव्हतं. पुढे जे घडलं त्यात हेही लक्षात ठेवायला हवं, कारण त्यांना काढून टाकल्यावर हळहळणारी माणसं फार नव्हती.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

लोकांना वाटतं, अशी माणसं नव्या यंत्रणेच्या विरोधात असतात. मॅडमचं उलट होतं. कारखान्यात सेन्सर, नेटवर्क, स्क्रीन हे सगळं आणायचा हट्ट त्यांचाच. पुण्याला यंत्रांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथून त्या माहितीपत्रकांच्या पिशव्या भरून आल्या आणि थोरल्या मालकांच्या मागे लागल्या. थोरले मालक ऐकून घ्यायचे आणि विषय बदलायचे. ते गेल्यावर धाकटे मालक आले. परदेशात शिकलेले, बोलायला मऊ, प्रत्येकाला "प्लीज" म्हणणारे. त्यांनी पहिल्याच बैठकीत होकार दिला. आपला कारखाना स्मार्ट करायचा, हे शब्द त्यांचे. मॅडम त्या दिवशी इतक्या खूश होत्या की शिपायालाही ओरडल्या नाहीत.

प्रत्येक प्रेसला सेन्सर बसले. मोटर किती तापते, प्रेस किती थरथरतो, किती नग झाले, सगळं आपोआप नोंदलं जाऊ लागलं. पण मॅडमना ज्याच्यासाठी हे हवं होतं ती गोष्ट वेगळी होती. साच्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना दोन खांब लावले, आणि एका खांबातून दुसऱ्यात न दिसणारे किरण जाऊ लागले. त्याला आम्ही पडदा म्हणतो. त्या पडद्यात हात आला की किरण अडतो आणि प्रेस जागच्या जागी थांबतो. माणूस थकलेला असो, झोपेत असो, घरच्या काळजीत असो, हात आत असेल तर साचा खाली येणार नाही.

पहिला पडदा चालू झाला तेव्हा मॅडमनी आम्हाला कोणाला पुढे येऊ दिलं नाही. साचा खाली येत असताना स्वतःचा हात आत घातला. साचा मध्येच थबकला. त्यांनी हात काढला नाही. तसाच आत ठेवून साच्याकडे वर बघत राहिल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"दिसला रे त्याला," त्या म्हणाल्या. "हात दिसला."

यंत्रणा चांगली होती, हे मी आजही सांगतो. माझा राग यंत्रणेवर नाही.

शेडच्या भिंतीवर मोठा स्क्रीन लागला. त्यावर प्रत्येक प्रेसचा एक चौकोन. प्रेस चालू असेल तर हिरवा, मंद चालत असेल तर पिवळा, बंद असेल तर लाल. तेच धाकट्या मालकांच्या मोबाईलवर. ते घरी असोत, पुण्यात असोत, चौकोन लाल झाला की फोन यायचा. काही दिवसांनी चौकोनात प्रेसच्या नंबराशेजारी ऑपरेटरचं नाव यायला लागलं. म्हणजे आता मशीन लाल होत नव्हतं, माणूस लाल होत होता.

छोट्या प्रेसच्या ओळीवर बायका काम करायच्या. त्यातली सुनंदा लघवीला गेली की सगळ्या शेडसमोर तिचं नाव लाल. परत आली की पुरुषांपैकी कोणीतरी म्हणायचा, "आज लई वेळ लावला वहिनी." तिने पाणी प्यायचं सोडलं. बाकीच्यांनीही सोडलं. एक दिवस ती उन्हाळ्यात प्रेसशेजारीच चक्कर येऊन पडली, तेव्हा मॅडमना हे कळलं. त्यांनी तिला विचारलं, काय झालं. सुनंदा खाली बघून म्हणाली, "पानी पेलं तर जावं लागतं ना मॅडम. मग तिकडं लाल हुतंय."

मॅडम तडक घरी गेल्या. परत आल्या ते पलंगावरची चादर घेऊन. शिडी मागवली, वर चढल्या आणि चादर त्या स्क्रीनवर टाकून सुतळीने बांधली. जांभळ्या फुलांची चादर होती. धाकटे मालक केबिनमधून खाली आले.

"मॅडम, डेटा असा झाकून कसं चालेल?"

"मी मशीनला डोळे मागितले होते, साहेब. तुम्ही ते बायांच्या संडासाच्या दाराला लावले."

शेडमध्ये कोणी हसलं नाही. मालक म्हणाले की आपण यावर बसून बोलू. बोलणं झालं नाही, पण आठवड्याभरात स्क्रीनवरची नावं गेली. आम्हाला वाटलं, जिंकलो. नावं त्यांच्या मोबाईलवर तशीच होती, फक्त आम्हाला दिसेनाशी झाली होती. हे कळल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "बेलापूर, हा माणूस ओरडत नाही ना, म्हणून घात होतोय. ओरडणाऱ्याचं निदान कळतं तरी."

मग सुरू झाला पडद्याचा वांधा. प्रेसच्या तेलाचा धूर पडद्याच्या काचेवर बसतो. काच पुसली नाही की किरण मध्येच अडतो आणि हात नसतानाही प्रेस थांबतो. म्हणजे चौकोन लाल. काच पाळीत दोन-चारदा पुसायला हवी आणि पुसायला प्रेस थांबवायला हवा. म्हणजे पुन्हा लाल. मॅडमचं म्हणणं सरळ होतं: लाल तर लाल. प्रॉडक्शन मॅनेजरचं म्हणणं होतं, प्रत्येक लाल चौकोनाचं उत्तर फोनवर मला द्यावं लागतं. पडदा दुरुस्तीच्या वेळी बंद ठेवता यावा म्हणून पॅनेलवर एक चावीचा स्विच होता. मॅनेजर तो स्विच फिरवून पडदे बंद करायला लागला. मॅडमनी पाहिलं, आणि सगळ्यात मोठ्या प्रेसच्या पॅनेलला स्वतःचं कुलूप लावलं. किल्ली गळ्यात. मॅनेजर तक्रार घेऊन वर गेला. मालकांनी मॅडमना बोलावून समजुतीने सांगितलं की आपण थोडं फ्लेक्झिबल असायला हवं. मॅडमनी विचारलं, "बोट किती फ्लेक्झिबल असतं, साहेब?" आणि निघून आल्या.

त्याच मोठ्या प्रेसवर अंकुश होता. पाथर्डीकडचा. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, हाही लग्नानंतर बायकोला घेऊन दोन हंगाम गेलेला. मग कोयता टाकून इथं कंत्राटावर लागला. कामाला उत्तम आणि बोलायला कमी. मॅडम त्याचं तोंडावर कौतुक कधी करत नसत, पण नव्या माणसांना सांगत, "हात कसे चालवायचे ते त्याच्याकडं बघा."

मॅडमच्या सासूबाई वारल्या. दिवसकार्यासाठी त्या गावी गेल्या. जाताना मला सांगून गेल्या, "माझं कुलूप कोणी काढायचं नाही." मी ते मॅनेजरला सांगितलं. त्याने मान हलवली.

त्या आठवड्यात ग्राहक कंपनीला माल लवकर हवा होता. मी पलीकडच्या शेडमध्ये नवीन पॅनेलच्या कामात असताना मॅनेजरने कटर आणून ते कुलूप तोडलं. कोणाच्या सांगण्यावरून, हे त्याने सगळ्यांदेखत फोनवर "हो साहेब, करतो साहेब" म्हटलं त्यावरून शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. पडदा बंद केला. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय साचा खाली येत नाही, तेही बंद करून पायाचं पेडल दिलं, कारण पेडलवर काम वेगात होतं. दोन्ही हात मोकळे राहतात. मोकळे हात आत जातात.

जेवणानंतर झालं. मी धावत आलो तेव्हा अंकुश खाली बसलेला होता आणि सुनंदाने स्वतःचा पदर त्याच्या उजव्या हाताला गुंडाळला होता. अंगठा सोडून चारही बोटं गेली होती. तो ओरडत नव्हता. "प्रेस बंद करा," एवढंच म्हणत होता. चौकोन लाल झालेला होता, आणि मॅनेजरच्या खिशात फोन वाजत होता. त्याची ती रिंग मला आजही कुठे ऐकू आली तर हात उगारावासा वाटतो.

मॅडम दिवसकार्य टाकून थेट दवाखान्यात आल्या. मी खाटेशेजारी होतो. अंकुशची बायको पायथ्याशी बसली होती. मॅडमनी त्याला कसा आहेस वगैरे विचारलं नाही.

"पडदा चालू होता?"

"न्हाई मॅडम. तुमचं कुलूप तोडलं ना त्यांनी."

"बंद होता हे तुला माहीत होतं. मग तू बसलासच कसा मशीनवर?"

मला वाटलं, आत्ता हे बोलायची वेळ आहे का. अंकुशने डोळे मिटून घेतले.

"न बसून कुटं जाऊ? परत कोयता घिऊ?"

तेवढ्यात त्याची बायको उठून उभी राहिली. चेहरा रडून सुजलेला, पण आवाज स्पष्ट होता. "तुमी कशाला गेलात मॅडम? तुमी हुता तवर हुतं समदं नीट. तुमाला ठावं हुतं ना ही मानसं कशी हायती?"

मॅडम तिथंच, फरशीवर, भिंतीला पाठ लावून बसल्या. संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

कंपनीची चौकशी झाली. मॅनेजर, मालक आणि बाहेरून आणलेला एक वकील. निष्कर्ष आधीच ठरलेला होता: ऑपरेटरने निष्काळजीपणे हात आत घातला. त्याखाली मेंटेनन्स प्रमुख म्हणून मॅडमची सही हवी होती. आम्हाला बाहेर बसवलं होतं, पण आतला आवाज ऐकायला कान लावावा लागला नाही.

"माझं नाव लिहा," मॅडम म्हणत होत्या. "मी गेले, ही माझी चूक, लिहा. पण माझ्या नावाच्या वर या मॅनेजरचं लिहा, आणि त्याच्या वर तुमचं, साहेब. त्या पोराचं नाव त्यात कुठंही येता कामा नये."

त्यांनी सही केली नाही. सरकारी कारखाना निरीक्षक आले तेव्हा त्यांना घडलं तसं सांगितलं. मीही सांगितलं, सुनंदानेही सांगितलं. ते प्रकरण अजून चालू आहे. मॅडमना त्याच महिन्यात घरी बसवण्यात आलं. कारण दिलं, सहकाऱ्यांशी उद्धट वर्तन. ते कारण खोटं होतं असंही म्हणता येत नाही, याचाच जास्त संताप येतो. मला आणि सुनंदाला ठेवलं. सुनंदाला काढलं असतं तर बायकांनी काम बंद केलं असतं, आणि मला काढलं असतं तर वायरिंग कोणाला कळली नसती.

एमआयडीसीत दुसऱ्या कोणी मॅडमना उभं केलं नाही. भांडखोर बाई म्हणून नाव आधीच पसरलेलं. मग त्या छोट्या शेडवाल्यांकडे जायला लागल्या. जुने दोन-तीन प्रेस घेऊन धंदा करणारी माणसं. त्यांच्या प्रेसना जाळ्या बसवायच्या, बटणं बसवायची, परवडलं तर पडदा. मालकाशी भांडण होणारच. पण काम झाल्यावर तोच मालक दुसऱ्याचा पत्ता द्यायचा. मी सुटीच्या दिवशी वायरिंगला जायचो. त्या पूर्वीसारख्याच ओरडायच्या. फक्त कारखान्याचं नाव निघालं की गप्प व्हायच्या.

आणि मग मी त्यांना ते सांगितलं. सांगावं की नाही याचा मी फार विचार केला नाही, कारण मला एकट्याला तो राग पेलत नव्हता. कारखान्यात नवीन माणसांना पहिल्या दिवशी सुरक्षेचं प्रशिक्षण देतात. त्यात आता स्क्रीनवर एक फोटो दाखवत होते. अंकुशच्या हाताचा, टाके घातल्यानंतरचा. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं: "निष्काळजीपणाचा परिणाम." शेजारी हसऱ्या कामगाराचं चित्र आणि "मी सावध आहे." फोटो दवाखान्यात विम्याच्या कामासाठी म्हणून काढला होता. त्याला विचारलंही नव्हतं.

मॅडम ऐकून घेत होत्या. हातात पक्कड होती, ती त्यांनी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस."

त्यानंतर थोड्याच दिवसांत धाकटे मालक स्वतः त्यांच्या घरी आले. मी तिथंच होतो, म्हणून बघायला मिळालं. ग्राहक कंपनीचे लोक तपासणीला येणार होते. अपघातानंतर त्यांनी अट घातली होती की सुरक्षेसाठी अनुभवी, जबाबदार माणूस नेमा, आणि आधीच्या बाई कुठे गेल्या असंही विचारलं होतं. मालक सोफ्यावर टेकले, मॅडमच्या मिस्टरांनी पाणी दिलं. परत या, म्हणाले. अधिकार वाढवून देतो, म्हणाले. कुलूप तुम्ही लावा, त्याला मीही हात लावणार नाही.

"तो फोटो काढा," मॅडम म्हणाल्या.

"आजच काढतो."

"आणि सगळ्या माणसांसमोर सांगा, अंकुशची चूक नव्हती."

मालक ग्लास हातात फिरवत राहिले. "मॅडम, प्लीज समजून घ्या. वकील म्हणतात, असं बोललो तर ती कबुली होते."

"मग तुम्ही जा."

ते गेले. मी मात्र गेलो नाही. मला मॅडमचाच राग आला होता आणि मी तो बोलून दाखवला. म्हटलं, तुमचा मान राहिला, पण आत एवढी माणसं रोज हात घालतायत. पडद्याच्या काचा कोण पुसतंय? मॅनेजर? तुम्ही इथं बसून बरोबर राहा, तिकडे दुसरा अंकुश होऊ द्या.

"चालता हो," त्या म्हणाल्या. मिस्टर खिडक्या लावायला उठले. मी चालता झालो.

पुढच्या सोमवारी सकाळी गेटावर मॅडम उभ्या. मला काही सांगितलं नव्हतं. मालकांना फोन करून रविवारी होकार कळवला होता, विनाअट. मालक वरच्या केबिनमध्ये आनंदात होते. पण मॅडम एकट्या आल्या नव्हत्या. रविवारीच पाथर्डीकडे जाऊन त्यांनी अंकुशला आणि त्याच्या बायकोला रिक्षात घालून आणलं होतं. अंकुश उजवा हात खिशात घालून उभा होता.

पाळी सुरू झाली. मॅडम शेडच्या मध्यभागी गेल्या आणि मला म्हणाल्या, "बेलापूर, लाइन बंद कर."

मी मुख्य स्विच खाली ओढला. एकेक करून प्रेस थांबले. एवढ्या शेडमध्ये पंख्यांचाच आवाज राहिला. माणसं जमली. नवे होते त्यांनी अंकुशला कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी फक्त त्याचा हात स्क्रीनवर पाहिला होता.

"बोल," मॅडम त्याला म्हणाल्या.

"मला काय बोलायचं न्हाई," अंकुश म्हणाला. "मॅडमनी आनलं म्हनून आलो." बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात खिशातून बाहेर काढला. "एकच इचारायचंय. हातबी माझाच गेला, आन् चूकबी माझीच म्हंत्यात. दोन्ही मलाच कसं?"

सुनंदा रडत होती. माझा फोन वाजला. धाकटे मालक होते, वरून.

"लाइन का थांबली? प्लीज त्यांना सांगा, सुरू करा."

मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, खाली येऊन सांगा."

मी तसं सांगितलं आणि फोन ठेवला. आम्ही उभे राहिलो. मॅनेजरने एक-दोघांना खुणावलं, पण मशीनकडे कोणी गेलं नाही. ज्यांची जत्रा मॅडममुळे हुकली होती, तेही हलले नाहीत.

शेवटी ते आले. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबले. अंकुशकडे न बघता, खालच्या आवाजात म्हणाले, "अंकुशची चूक नव्हती."

"मागच्यांना ऐकू आलं नाही," मॅडम म्हणाल्या.

मालकांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग मोठ्याने पुन्हा तेच म्हणाले. मॅडमनी मला मान हलवून खूण केली आणि मी लाइन चालू केली.

मॅडम आजही तिथं आहेत. पडदे चालू आहेत. मालक त्यांच्याशी बोलत नाहीत, निरोप माझ्याकरवी जातात. मॅनेजर दुसऱ्या कारखान्यात गेला, बढतीवर. ऐकणारे म्हणतात, मग झालं की सगळं चांगलं. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. परवा अंकुशच्या गावी कार्याला गेलो होतो. पंगतीत आम्ही शेजारी बसलो. तो आता डाव्या हाताने जेवतो. पलीकडे एक अनोळखी म्हातारा येऊन बसला आणि त्याच्या उजव्या हाताकडे बघायला लागला, तेव्हा अंकुशने आपली पत्रावळ उचलली आणि तो भिंतीकडे तोंड करून जेवायला बसला.